एका हातानं उघडणारा चाकू

लोणखेडा,
रविवार

प्रिय मोतीलाल,

प्रिय लिहिलं, कारण पत्राची सुरुवात अशी करतात हे मी तुझ्याच मराठीच्या पुस्तकातून शिकले. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि तुझी सुरू झाली. तू दप्तर टाकून खेळायला पळायचास, मी त्यातली पुस्तकं वाचायचे. या शब्दाचा त्याहून जास्त अर्थ आज काढू नकोस. फोन केला असता, पण नको तो विषय निघाला की तुझ्याकडची रेंज जाते.

गेल्या सोमवारी मी शहाद्याला चाकू घ्यायला गेले होते. घडीचा, खिशात ठेवायचा, रोज बरोबर बाळगायचा. हे गेल्यापासून केळीचं सगळं मीच बघते. साडीवर यांचाच पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, त्याला खिसा आहे. बागेत सुतळी तोडायला, ठिबकची नळी कापायला, वाळलेली पानं काढायला घडीघडीला धारेचं काहीतरी लागतं. तीन वर्षं विळ्यावर काढली. विळा कमरेला खोचला तर वाकताना टोचतो आणि खाली ठेवला तर पाचोळ्यात हरवतो. म्हटलं, आता घ्यायचाच.

बसस्टँडमागे हुकमीचंदशेठचं लोखंडी सामानाचं दुकान तुला माहीत आहेच. किती चांगलं माहीत आहे ते पुढे येईल. शेठ आता नुसते गादीवर बसतात, माल त्यांचा मुलगा जिनेश दाखवतो. चाकू म्हटल्यावर त्यानं भाजीचा काढला. म्हटलं, भाजीचा घरी आहे, मला खिशातला पाहिजे. तर हसून म्हणतो, काकू, कोणाचा काटा काढायचाय? म्हटलं, ते अजून ठरलं नाही, तू आधी चाकू तर दाखव.

त्यानं सात-आठ मांडले. एक लाल मुठीचा होता. त्यात नखं कापायचं, बाटली उघडायचं, दात कोरायचं, सगळं होतं, आणि पातं माझ्या करंगळीएवढं. म्हटलं, मला केळी बांधायच्या आहेत, दात कोरत बसायचं नाही. एक खटक्याचा होता, बटण दाबलं की पातं उडी मारून बाहेर. तो मी हातातही धरला नाही, खिशात असताना उघडला तर दवाखान्यात काय सांगू? एकाची मूठ काळी, गुळगुळीत, दिसायला फार छान. केळीचा चीक लागला की ती साबणासारखी निसटेल, म्हणून तोही परत केला. मग जिनेशनं लाकडी मुठीचा एक पुढे केला. म्हणाला, हा घ्या, वीस वर्षं बघायला नको. पातं खरंच चांगलं होतं, पण ते उघडायला खाचेत नख घालून दुसऱ्या हातानं ओढावं लागायचं. मी उजवा हात पाठीमागे धरला आणि नुसत्या डाव्यानं उघडून बघितला. नाही उघडला. जिनेश म्हणाला, काकू, देवानं दोन हात दिलेत की. मी म्हटलं, एक अडकलेला असू शकतो. त्यानंतर त्यानं थट्टा केली नाही. आतून एक साधा चाकू आणला, पात्याला अंगठा लावायला भोक असलेला. अंगठ्यानं ढकलला की उघडतो आणि उघडल्यावर जागेवर पक्का बसतो. मी हात ओला करून बघितला, डावा, उजवा, सहा-सात वेळा. तोच घेतला.

तेव्हा गादीवरून शेठ बोलले. म्हणाले, हेमकांतभाऊंचा शिंगाच्या मुठीचा चाकू असताना हा कशाला, बेटा? मी म्हटलं, हे गेल्यापासून तो सापडलाच नाही. शेठ म्हणाले, सापडला नाही कसा? दिवाळीआधी तुझा भाऊच घेऊन आला होता. त्याची पिन मी माझ्या हातानं दोनदा बदललेली, मला मूठ लागली की कळतं. म्हणे, ताईनं आठवण म्हणून दिला. गंज धरून इतका घट्ट बसला होता की तेल सोडून तासभर ठेवावा लागला. आणि पातं उघडलं तेव्हा तुझा भाऊ बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला, मिटवल्यावरच आत आला.

मी तुला कसलीच आठवण दिलेली नाही, मोतीलाल.

त्या सकाळचं तुला सांगायला नको, पण माझ्या अक्षरात तू ते एकदा वाचावंस असं मला वाटतं. पौषातली थंडी होती. घड लागलेल्या केळी बांधायच्या म्हणून तू तळोद्याकडून चार दिवस मदतीला आला होतास. बागेतलं काम आटोपून तुम्ही दोघं गुरांचा चारा कापायला खळ्यात आलात. यांच्या गळ्यात मफलर होता. कुट्टी मशीनच्या पट्ट्यात त्याचं टोक गेलं. ते सोडवायला यांनी उजवा हात घातला, तर तोही आत ओढला गेला. मोटर तू लगेच बंद केलीस. पण मफलर दांड्याला पिळून बसला होता आणि यांचा गळा त्यात. तो कापण्यापलीकडे काही उपाय नव्हता. पोलिसांना तू सांगितलंस, मी त्यांचे खिसे तपासले, चाकू नव्हता, म्हणून घराकडे पळालो. तुझा जबाब मी स्वतः वाचला आहे, एकेक ओळ. तू विळा, विळा ओरडत दारात आलास. मी विळा शोधला, तुझ्या हातात दिला, तुझ्यामागे पळाले. आपण पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

तू खोटं बोलला नाहीस. यांच्या खिशात चाकू नव्हताच.

दुकानातून आल्यावर मी भिलाला विचारलं. भिला आमचा सालदार, त्या सकाळी तुमच्याबरोबर बागेत होता आणि नंतर तिथेच पाण्याला थांबला होता. तो लगेच म्हणाला, वहिनी, चाकू मोतीभाऊजवळच होता की. त्यांनी केळी बांधायच्या पट्ट्या कापायला भाऊंकडून मागून घेतला होता. मग परत कसा देणार? खाली सगळा चिखल, ठेवायला जागा नव्हती, आणि चाकू हातात कसा द्यायचा, जिजाजी-शालकात भांडण नाही का लागणार? मग टाकला आपल्याच खिशात. मी म्हटलं, भिला, तीन वर्षं तू हे बोलला का नाहीस? तो म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही.

तर भांडण लागू नये म्हणून चाकू तुझ्या खिशात राहिला. आईनं लहानपणी आपल्याला शिकवलेली रीत तू पाळलीस. आणि पुढे तासाभरात, समोर माणूस गुदमरत असताना, तू त्यांचे खिसे चाचपलेस आणि तुझे विसरलास. घाबरलेला माणूस विसरतो. मी सोमवारपासून रोज स्वतःला हे सांगते आहे, आणि ते खरं आहे. यासाठी मी तुला पोलिसात ओढणार नाही, गावात बोलणार नाही. या एका गोष्टीपुरतं तुझ्यावरचा राग कधीतरी उतरेलही. लहानपणी तू घागर फोडायचास आणि मार मी खायचे, तसं हेही अंगावर घेतलं असतं. त्या रात्री कपडे बदलताना तो चाकू तुझ्या हाताला लागला असेल. तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून तू निघून गेलास, दहाव्यालाही थांबला नाहीस. तेव्हा मी तुझ्यासाठी काढा करून बरोबर दिला होता. आता तो काढा आठवला की माझंच मला हसू येतं.

पण आत्याबाईंचं काय? माझ्या सासूबाई शांतीबाई या घरात आहेत हे तू विसरला नाहीस, कारण त्या दर वर्षी तुझ्यासमोर बसतात. आदल्या संध्याकाळी पेरू चिरायला त्यांनी लेकाकडून चाकू मागून घेतला होता. परत दिला की नाही ते त्यांना आठवेना. पंचनाम्यात चाकू नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं, आपण तो कुठेतरी ठेवला आणि आपला पोरगा त्यापायी गेला. तीन वर्षं त्या चाकू शोधताहेत, मोतीलाल. गव्हाची कोठी चार वेळा रिकामी करवली. गोधड्या उसवल्या. पीठ चाळताना हात घालून बघतात. कोठे ठेवा मी, याद नही येस माले, मन्हा पोऱ्या मन्हा हाते गया, हे मी दिवसातून किती वेळा ऐकते ते मोजायचं मी सोडून दिलं.

आणि तू दर वर्षी आखाजीच्या सणाला मुराळी होऊन मला माहेरी न्यायला येतोस. त्या तुझ्यापुढे हात जोडतात. बाबा, तू धावलास, पण मी चाकू ठेवून बसले होते, असं म्हणतात. खापरावरची पुरणपोळी तुझ्या ताटात वाढतात. तीनही वर्षं मी स्वैंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं आहे, तू काय म्हणालास ते. जाऊ द्या मावशी, नशीब. एवढं बोलून तू आमरसात पोळी बुडवून खाल्लीस. त्याच वेळी तो चाकू तुझ्या खिशात होता का? असणारच. जो तू तीन वर्षं उघडला नाहीस तो रोज बरोबर घेऊन हिंडतोस, एवढं मी तुला ओळखते. तुला वाटत असेल ही तुझी शिक्षा आहे. ती शिक्षा नाही. शिक्षा एका म्हातारीला झाली, तू नुसतं ओझं बाळगलंस. विसरलेलं मी पोटात घालीन. ते नशीब मात्र मी तुला माफ करणार नाही, हे लिहून ठेवते.

या वर्षी आखाजीला मला न्यायला येऊ नकोस, मी येणार नाही. आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण आखाजीची वाट न बघता तुला यायचं आहे, आणि हे पत्र त्यासाठी लिहिलं. आत्याबाईंनी परवापासून अन्न सोडलं आहे. चमच्यानं दूध घेतात, तेही अर्धं बाहेर येतं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी सोमवारी रात्रीच त्यांना सगळं सांगून टाकलं, चाकू तुमच्याकडे नव्हता, मोतीलालजवळ होता. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, माझं मन राखायला तू सख्ख्या भावाला खोटं पाडतेस, पोरी, असं करू नये. माझं त्या कधीच मानणार नाहीत. तुझंच मानतील. पत्र मिळेल त्या दिवशी मिळेल त्या जीपनं नीघ, चाकू घेऊन ये, आणि त्यांच्या खाटेशी बसून सांग. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. शेजारपाजार ऐकेल इतक्या मोठ्यानं बोलावं लागेल, आणि बहुतेक दोनदा सांगावं लागेल.

तुझीच बहीण,
कामिनी