आईच्या दुधातून

नागासाकी,
१४ नोव्हेंबर २०१४

प्रिय फुमिए,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला मोची, आपला तो रताळं-तांदळाचा चिकट गोळा, मिळाला. एकटीनेच भाजून खाल्ला, थोडा करपला. इथे थंडी पडली आहे. प्रयोगशाळा सोडली तर दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही.

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्या रक्तात विषाणू निघाला, बाळाला अंगावर पाजू नका म्हणाले डॉक्टर. वर सासूबाईंचा टोमणा, "आमच्या गोठ्यातली गायसुद्धा वासराला पाजते हो!" आणि शेवटी तू लिहिलंस, "आईनेच दिलं हे मला. तिला माफी नाही."

तू विचारलंस म्हणून सांगते. हा विषाणू रक्तातल्या पेशीत शिरून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. ती आपल्या जनुकांवर हुकूम चालवतात. झोपलेल्यांना उठवतात, जागत्यांना गप्प करतात. कधीतरी एखादी पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच जाते, तोच रक्ताचा कर्करोग. पण त्याला पन्नास-साठ वर्षं लागतात, आणि शंभरातल्या पंचाण्णव जणांना जन्मभर काही होत नाही. आई उरलेल्या पाचांत निघाली, एवढंच. आपण जन्मलो तेव्हा आपल्या बेटावर ही तपासणीच नव्हती गं.

आता जे लिहायचं टाळतेय ते.

आईच्या शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, तू चहा आणायला गेली होतीस. तिने माझा हात धरला. "चिझुरू, तुम्हा पोरींना माझ्या दुधातून तर नाही ना गेलं?"

"दोघींचं रक्त तपासलंय आई. काही नाही."

ती हसली. "मग सुटले मी."

तुझं रक्त मी तपासलंच नव्हतं. माझं तपासलं होतं. मला आहे.

तोशियुकींना लग्नाला नाही म्हटलं ते कामापायी नव्हे. आई जाऊन सहा वर्षं झाली, कुणालाही सांगितलं नाही. तुलाही तपासून घे म्हणायला हवं होतं. पण आईला सांगितलेलं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून तोंड शिवून बसले. तुला हे परक्या डॉक्टरकडून, एकटीला ऐकावं लागलं ते माझ्यामुळे.

रागवायचं तर माझ्यावर रागव. आईला ठाऊक नव्हतं. मला होतं.

शनिवारच्या बोटीने येते आहे. सासूबाईंना मी समजावेन. धक्क्यावर आली नाहीस तरी चालेल, मी येईन घरापर्यंत चालत. दार तेवढं उघड.

तुझ्यासारखीच आईच्या दुधावर वाढलेली,
ताई