चुकलेल्या पावलाला दाद

रेमे,

सेव्हिलला मी तुझा फ्लामेंको बघायला आलेच नव्हते. माझ्याशी लग्न ठरवून तुझ्याबरोबर पळालेला कुरो आता गिटार कशी वाजवतो, तेवढंच बघायचं होतं. बरी वाजवतो. पोट मात्र सुटलंय.

थिएटर परदेशी पाहुण्यांनी भरलेलं. झग्याचा घोळ झटकून तू वळलीस आणि तुझी टाच समेच्या जरा आधीच पडली. कुरोने सावरून घेतलं, कुणाला कळलंही नसतं. पण मी नेमकी तिथेच पहिल्या रांगेतून ओरडले, "ओलेऽ!"

आपल्या हेरेसमध्ये चुकलेल्या पावलाला जाणत्या बाईने दिलेली ही दाद म्हणजे चारचौघांत थोबाडीत. शेजारी बसलेला आपल्याकडचाच एक म्हातारा कुजबुजलासुद्धा, "बाई, वैऱ्याशीही असं करू नये हो!" तू मात्र छातीवर हात ठेवून माझ्यापुढे वाकलीस. डोळ्यांत पाणी!

काल पाका मावशी सांगत आली, "अगं, ताईने माफ केलं म्हणून सांगत सुटलीय रेमे! ते पाऊल आता रोज मुद्दाम तसंच टाकते. कुरो समजावून थकला, तर त्यालाच म्हणते, 'तुला काय कळतंय? ताईने दाद दिलीय!'"

पुढच्या महिन्यात तू हेरेसमध्ये नाचणार आहेस, आपल्या माणसांसमोर. इथे पोराटोरांनाही सम कळते.

म्हणून हे पत्र पाठवणार नाही. तू आपली तशीच नाच, बाळ.

तुझी ताई,
एन्कार्ना