लुडगेरी खाणीचं चाक

२२ सप्टेंबर १९८६
आजही ऊन! सलग सहावा दिवस. सगळं गाव आईस्क्रीम खात हिंडतंय आणि मी घरात भिंगं पुसत बसलेय. माझ्या फोटोंच्या पुस्तकात आभाळ राखाडीच हवं. सावली नको, माणूस नको, मनोऱ्यावरचं चाक थांबलेलं हवं – आरे मोजता यावेत असं. खाणींचे अकरा मनोरे झाले. बारावा लुडगेरीचा, बाबांच्या खाणीचा. तीस तारखेला खाण बंद होणार, दुसऱ्या दिवशी चाकावरचा, माणसांचा पिंजरा खाली-वर नेणारा दोर उतरवणार, मग मनोराच पाडणार.

२५ सप्टेंबर
ऊन.

२८ सप्टेंबर
रविवार. बाबांकडे कॉफी. ऊन पडलं की लोक फिरायला जातात आणि आमची बाई सुतकात बसते, असं शेजाऱ्याला ऐकवून झालं. मग कबुतरांना दाणे टाकता टाकता म्हणाले, की शेवटच्या पाळीला सगळ्यांच्या घरची माणसं फाटकाशी येणार आहेत, बँडही आहे. येते म्हटलं. एकतीस वर्षं जमिनीखाली उतरलेला माणूस, त्यानं मागितलं ते एवढंच.

३० सप्टेंबर
एक वाजता आभाळ भरून आलं. फाटकाशी निघाले होते, पण वळले आणि रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या माळ्यावर गेले. तिथून मनोरा सरळ दिसतो, कललेला वाटत नाही.

पहिली निगेटिव्ह वाया. भिंग बारा सेकंद उघडं ठेवायचं होतं आणि मध्येच चाक फिरायला लागलं! चाक थांबल्यावर दुसरी काढली, ती उत्तम. खाली आले तेव्हा फाटकाशी झाडणारा तेवढा होता.

५ ऑक्टोबर
बाबा गोड बोलले, तेच वाईट. कॉफी दिली, केक दिला. मग म्हणाले, "आमच्या पाळीतल्या नोवाकची पोरगी म्यूनिकहून आली होती. तू रस्त्यापलीकडे होतीस."

लाज वाटली. त्यावर मी काय केलं, तर फोटो दाखवला! त्यांनी चष्मा लावून नीट बघितला. "आरे मोजता येतात," म्हणाले. "चाक फिरतं तेव्हा दोराला माणसं असतात, रोझी. हे थांबलेलं आहे. यात कोणी नाही."

पुस्तक त्यांना घरात नको आहे.

१४ ऑक्टोबर
मनोरा पाडला. लख्ख उन्हात. मी घरीच होते.

३ नोव्हेंबर
वाया गेलेल्या निगेटिव्ह टाकून द्यायला डबा काढला. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि वेळ लिहायची माझी जुनी खोड. एकावर – ३० सप्टेंबर, दुपारी २.१०.

शेवटचा पिंजरा त्यांना घेऊन दोन दहाला वर निघाला, हे बाबांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलंय. घड्याळ बघून ठेवलं होतं म्हणे.

प्रिंट काढली. मनोऱ्याचा खिळा न् खिळा स्वच्छ. चाकाचे आरे मात्र गायब, नुसता धूसर गोल. रडले. मग हात धुऊन पुस्तकासाठी दुसरी प्रिंट काढली.

१० नोव्हेंबर
पुस्तकाची मांडणी प्रकाशकांच्या फ्राऊ ओव्हरबेककडे आहे. अकरा नेटके आणि शेवटचा असा? लोक म्हणतील बाईंचा हात हलला, असं तिचं म्हणणं. म्हणू देत. बाकीच्यांखाली नुसती गावाची नावं आहेत. याच्याखाली तारीख आणि वेळही घालायला सांगितली. तासभर वाद झाला. शेवटी घातली.

१४ जून १९८७
पुस्तक बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि कबुतरांकडे गेले. परतले तेव्हा ते शेवटच्या पानावर होते. खालची वेळ वाचून झाली होती. फोटो संपतो त्याच्याही खाली, कोऱ्या कागदावर त्यांनी बोट टेकवलं.

"मी इथं होतो," म्हणाले. "वर येत होतो."