जंप टेबल: तीन वाटांची एक

११ फेब्रुवारी
आज सर म्हणाले, "पॅनलच्या वायरी जोडणं बंद. कंपायलरचा मागला भाग उघड. जंप टेबलचा पसारा झालाय, तो एक कर."
म्हटलं, सर, मी नववीच शिकलेला.
"मले माहीत आहे. काहून सांगून राहिला?"
जमलं तर कंपायलरचं काम कायम माझ्याकडं. नाही तर परत पेचकस अन् वायरी. हे जिना उतरता उतरता सांगितलं, मागं पाहिलं नाही.

१२ फेब्रु.
स्वतःसाठी लिहून ठेवतो, उद्या विसरीन. आमचं पॅनल घेणारा मिलवाला त्याच्या सोप्या भाषेत लिहितो: बटन १ ला हे काम, २ ला ते. कंपायलर त्याचं असेंब्ली, म्हणजे चिपेसाठी बारीक बारीक हुकूम, काढतो. त्यात जंप टेबल म्हणजे एक यादी, कोणतं काम कुठं सुरू होतं त्याची. नंबर आला, यादीत पाहिलं, तिथं उडी. संपलं.
एवढ्यासाठी तीन वाटा! कामं थोडी असली तर यादीच नाही, एकेक नंबर विचारत बसायचं. जवळची असली तर छोटी यादी. लांबची असली तर मोठी, ती फायलीच्या पार शेवटी. तिन्हींचा कोड वेगळा, लेबलांची नावंही वेगळी. कोण्या शहाण्यानं लिहिलं?

१५ फेब्रु.
आर्वीहून आईचा फोन. "रायपुरात तरी टिकशीन ना बाप्पा?" पुण्यात चार महिने, सुरतेत सहा. हो म्हटलं. काय काम करतो विचारलं. कम्प्युटरचं म्हटलं. 
दुपारी तेलीबांध्याच्या तलावाला दोन चकरा मारल्या. बसवत नाही एका जागी.

१९ फेब्रु.
सुचलं. यादी उडीच्या लगेच खाली ठेवायची. पूर्ण पत्ता नको, यादीपासून काम किती बाइट लांब आहे तेवढं पुरे. एका नोंदीला एक बाइट. सगळ्यांना हीच वाट.
बाकी दोन वाटा पुसल्या. पानंच्या पानं गेली. पुसायला लई मजा येते.
सरांनी दिलेले नमुन्याचे प्रोग्राम सगळे चालले.

२१ फेब्रु.
सरांनी वाचलं. "बारीक झालं." एवढंच. पण दोनदा वर-खाली करून पाहिलं. परवा उरल्याच्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या, रोलिंग मिलमध्ये बसवायचं म्हणाले.
सुषमादीदी, आमच्याकडचं टेस्टिंग तीच करते, ती म्हणाली, "अब तो समोसा बनता है, भैया." आणले.

२२ फेब्रु.
दीदीनं मिलचा खरा प्रोग्राम टेबलावरच्या बोर्डावर चालवला. सात नंबर म्हणजे पट्टा थांबव. सात दाबलं, दोनचा दिवा लागला. दोन म्हणजे पट्टा पुढं. परत दाबलं, परत दोन.
"तुम्हारी वायरिंग होगी. जल्दी में जोड़े थे न?"
मी "हव" म्हटलं. वायरिंग मीच केली होती. तपासली. चोख.
चार वाजता असेंब्ली छापून काढलं. सातवं काम यादीपासून ३०० वर. बाइटात २५५ च्या वर मावत नाही. ३०० मधून २५६ गेले, उरले ४४. ४४ वर दोन नंबरचं काम. असेंबलर, म्हणजे असेंब्लीचे आकडे करणारा प्रोग्राम, काही बोलला नाही, वरचं कापलं अन् मोकळा झाला. नमुने सगळे छोटे होते. मिलच्या माणसानं प्रत्येक बटनात सगळी तपासणी परत परत लिहिलेली, म्हणून लांबलं.
दीदी अजून वायरिंगच समजते. गुपचूप बदललं तर कोणाला कळणार नाही. पण पट्ट्यावर गरम सळ्या असतात, बाजूला माणूस उभा असतो, अन् तो सात दाबतो ते…
सर निघून राहिले. जातो.

२३ फेब्रु.
काल जिन्यातच सांगितलं. वायरिंग नाही, माझी यादी.
सर तिथंच पायरीवर बसले. मले वाटलं, झालं. मग म्हणाले, "त्या तीन वाटा कोणाच्या आहेत ठाऊक आहे? माह्या. पहिली लिहिली. एका मिलमध्ये पुरली नाही, भेव वाटलं, जुनीले हात न लावता दुसरी जोडली. मग तिसरी."
शहाणा म्हटलं होतं मी त्यांना, वहीत.
"तू पुसल्या ते बरं केलं. अंतर मोजलं नाही, ते वाईट."
उरल्याचं बसवणं पुढं ढकललं. पेचकसाचं काही बोलले नाहीत.

२६ फेब्रु.
वाट एकच ठेवली. नोंद दोन बाइटची. आणि अंतर त्यातही मावलं नाही तर कंपायलर तिथंच थांबतो, ओळ नंबर सांगतो, पुढचं काहीच काढत नाही. मुद्दाम भला मोठा प्रोग्राम देऊन पाहिला, थांबला.
दीदी दिवसभर सात दाबून राहिली. सातच लागला. "अब वायरिंग ठीक है," म्हणाली अन् हसली. कळलं होतं तिला.

२८ फेब्रु.
सर सकाळी उरल्याला गेले. मिलचा प्रोग्राम भरलेल्या दोन चिपा नेल्या. जुन्या, तीन वाटांच्या कोडाची डाव्या खिशात, माझी उजव्या. म्हटलं, सर, कोणती लावणार? "तिथं उभा राहून ठरवतो."
दोन वाजले. फोन नाही. मी दोनदा उचलला, ठेवला.
खाली नव्या पॅनलची पेटी आली आहे, वायरी जोडायची. दीदीनं विचारलं, "खोल दूँ?"
म्हटलं, थांबा जरा, सरांचा फोन येऊ द्या.