मागावरचा बैल

३ फेब्रु., मंगळ.
चित्र जवळजवळ झालं. चादरीच्या कारखान्यातली दुसरी पाळी, पण माणूस एकही नाही. मालक बोका, लोडाला टेकलेला. मागांवर देखरेख करणारा जॉबर कुत्रा. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका चिमण्या. मागावर बैल, खांदे उतरलेले. पुण्याच्या प्रदर्शनाला घेतलंय, टेम्पो रविवारी. आज शाळेत पाचवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासताना डोळ्यांपुढे बैलच. स्वतःवर भलतीच खूश आहे मी.

५ फेब्रु., गुरु.
नानांना दाखवलं. चाळीस वर्षं माग चालवलेले वडील, आधी मागच बघणार. "धोटा उजवीकडं पळाला तर धागा त्याच्यामागं पायजे की, पुढं कसा?" बरोबर, धागा धोट्यातूनच सुटतो. लगेच दुरुस्त केलं. खुशीत होते. मग बैल दिसला.
"ह्यो कोण?"
कुणीही, म्हणायला काय झालं होतं मला!
"मीच की." चिडले. घरात तेलुगू बोलणारे नाना मागाचा विषय निघाला की मराठीवर येतात. "बैलाला दुसरा हाकतो. माझ्याकडं चार माग होते. चारी मी हाकायचो."
जेवले नाहीत.

६ फेब्रु., शुक्र.
अम्मा म्हणते, बाकी जनावरं राहू दे, यांचा तेवढा माणूस कर. कागदावर करून पाहिला. जनावरांत एकटा माणूस उभा केला की तोच मालक दिसतो. बोका मग नुसता बोका. वैताग.
आणि खरं लिहायचं तर, बैल काढताना मला राग होता. मालकापुढे ते एकदाही नाही म्हणाले नाहीत, त्याचा. प्रेमही होतं, पण ते...

७ फेब्रु., शनि.
शाळा अर्धा दिवस. घरी येऊन बैलावर पांढरा रंग फिरवला. नानांना हाक मारली, तुम्हीच सांगा काय काढू. खुर्ची ओढून बसले. बोक्याकडे बघून हसलेसुद्धा. मला हायसं वाटलं.
मग त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले.
"माग चालू हाय न्हवं?"
हो, म्हटलं.
"मग मोकळा कसा सोडलीस? चालू मागाजवळ कुणीतरी पायजे. बैल तर बैल, पण उभा कर."
उठून चहा घ्यायला गेले.
टेम्पो उद्या नऊला. तासभर ब्रश हातात घेऊन बसलेय, आणि आता मला बैल काढवत नाही.