नाचणीत साप कुठाय?

जव्हार,
रविवार, सकाळ

प्रिय हर्षाली,

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघाही सध्या शहाण्यासारखा वागतोय. परवा तुला फोन लावला तो खरं तर एक सांगायला, पण तुझी रात्रपाळी, मेसचं जेवण आणि नाशिकची थंडी यावरच बोलून ठेवून दिला. म्हणून आज वहीची पानं फाडून बसले आहे.

आधी बातमी. दिवाळी अंकातलं ते मोठं गूढ शब्दकोडं यंदा पूर्ण सुटलं! बाबांच्या हयातीत एकदाही सुटलं नव्हतं. आठवतं ना, दर रविवारी ओटीवर टेबल मांडून बाबा, मंगेश गुरुजी, ग्रंथालयातली योगिता आणि एसटी डेपोतले तुळशीदास भावोजी त्या चौकोनांवर डोकी घालून बसायचे? तू एकदा त्यात पेन्सिलीने मांजर काढलं होतंस आणि बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. मी चहा द्यायचे आणि आत जायचे. कान मात्र बाहेरच असायचा. बाबांनी मोठ्याने वाचावं, ‘गरीब उलटला नि वाहू लागला, दोन अक्षरं,’ आणि मी भाकरी थापताना ‘दीन’ उलटा करून ‘नदी’ करावी. बाहेर येऊन सांगितलं मात्र कधी नाही. मी जामसरची, सातवीपर्यंत शिकलेली; घरची बोली वेगळी, मराठीसुद्धा शाळेत गेल्यावरच शिकले. मला कुणी बोलू नको म्हटलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं.

बाबा गेले त्या वर्षी दिवाळीनंतर तिघं दारात येऊन उभे राहिले. गुरुजींच्या हातात नवा अंक. म्हणाले, “वहिनी, जागा बदलली की आमचं डोकं चालत नाही.” मला रागच आला होता, तुला म्हणून सांगते. माझं घर रिकामं झालं आणि यांना कोडं सुचतंय! तरी चहा ठेवला. बाहेर सगळे अडले होते. ‘सापामागे सावलीचं शेपूट, भाकरी होईल, तीन अक्षरं.’ गुरुजींनी घाईने ‘नाचणी’ लिहून टाकलं आणि मग उभे शब्द काही केल्या जुळेनात. अर्धा तास झाला. कप उचलता उचलता माझ्या तोंडून गेलं, “नाचणीत साप कुठाय?” सगळ्यांनी वर बघितलं. म्हटलं, “साप म्हणजे नाग. सावलीचं शेपूट म्हणजे ली. नागली.” गुरुजींनी कपाळावर हात मारला. खोडाळ्याचा माणूस, घरची नागलीची शेती, आणि लिहिलं तिचं पुस्तकातलं नाव, नाचणी! योगिता हसून हसून लोळली. भावोजी हसले नाहीत. ते उठले, स्वतःची खुर्ची मला दिली आणि म्हणाले, “तुम्ही बसा. चहा मी बघतो.” चहा भयंकर गोड केला होता. मी सगळा प्यायले.

तेव्हापासून मी बसते. तीन वर्षं झाली. तुला हे सांगायचं राहिलं असं नाही, मी सांगितलं नाही. तुला वाटेल, आईला बाबांच्या जागेवर बसायची एवढी घाई होती का, अशी भीती वाटायची.

यंदा गुरुजी बांधावरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये. मग दर रविवारी आम्हीच एसटीने खोडाळ्याला. गेल्या रविवारी शेवटचा एकच शब्द राहिला होता. ‘साताच्या पुढे जखमेची खूण, जाता जात नाही, चार अक्षरं.’ मला लगेच दिसला. साताच्या पुढे आठ, आणि जखमेची खूण म्हणजे वण. बाबांच्या हनुवटीवर होता ना, सायकलवरून पडल्याचा. शब्द ओठापर्यंत आला आणि तिथेच थांबला. समोर बघितलं तर भावोजींनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनाही सुटलं होतं. तू दहावीत असताना त्यांची बायको रुपी वारली, तेव्हापासून ते घरी कुणाशी बोलत असतील हे मला कधी सुचलंच नव्हतं. शेवटी योगितानेच ओरडून लिहिलं, ‘आठवण’. गुरुजींनी आनंदाने प्लास्टरचा पाय आपटला आणि मग आईगं म्हणून बसले.

योगिता त्या दिवशी स्कूटीने आली होती, ती पुढे गेली. आम्ही दोघं स्टँडवर. गाडीला उशीर, आणि जन्मभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगितलेला माणूस घड्याळाकडे बघायचंही विसरलेला. मग म्हणाले, “वहिनी, एक विचारतो. नाही म्हणालात तरी रविवारी येणं सोडणार नाही.” आणि विचारलं. सरळच विचारलं. मी म्हटलं, “आधी ते वहिनी म्हणणं बंद करा.”

हर्षाली, म्हणून हे पत्र. मी हो म्हटलंय. बाबांचा फोटो आहे तिथेच राहील, हे त्यांनी न विचारता सांगितलं. लग्नाच्या नोंदणीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो, तो अजून दिलेला नाही. तुझी परवानगी मागत नाही असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मागतेच आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू पटकन काहीतरी बोलली असतीस आणि ते आपल्या दोघींच्याही मनात राहिलं असतं. पत्र वाचून हवं तर फाड, चार दिवस बोलू नकोस. मग सुट्टी टाक. राग आला असेल तर राग घेऊन ये, पण ये.

तुझीच,
आई