पंचवीस सप्टेंबरची हजेरी

१४ एप्रिल १९६७, शुक्रवार. संध्याकाळी ६.१०
सौदा पक्का. लामत्याच्या दुलीचंदची तीन एकर धानाची जमीन आता आपली समजा. माह्या दोन एकराच्या अन् बोडीच्या मधात तिचीच आडकाठी होती. दरसाल माहं धान डोळ्यादेखत वाळते, अन् पलीकडं बोडीच्या तलावात पाणी डुलते. बयाना देल्ला, इकरारनामा स्टांपवर झाला. रजिस्ट्री २५ सप्टेंबरले, बालाघाटच्या ऑफिसात, सकाळी दहाले. तारीख मीच टाकली. भरवेलीच्या खाणीत अकरा वर्षं टाइमकीपर आहो, तारखेचा पक्का माणूस आहो. अनुसया म्हणे, तेव्हा पितर तर नाही ना? बायकोले प्रत्येक गोष्टीत शंका.

१८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.०५
पंचांग पाह्यलं. २५ तारीख पितरपंधरवड्यातच येते. माही चूक नाही, पंधरवडाच यंदा आडवा आला. ठरवलं, रजिस्ट्री दसऱ्याले. मुहूर्त म्हणजे मुहूर्त. दुलीचंदले निरोप धाडाची गरज नाही. पितरात जमीन कोणी घेते का? लहान लेकराले समजते.

२५ सप्टेंबर, सोमवार. दुपारी २.४०
रजा मांगून ठेवलीच होती, म्हणून घरीच. शेजारच्या प्रेमलालकडे पितर होते. वडे अकरा, कढी, खीर दोनदा. झोप लागून राह्यली. दुलीचंद रजिस्ट्री ऑफिसात बसला असंल तर बसू दे. त्याले काय काम आहे.

१३ ऑक्टोबर, दसरा. सकाळी १०.००
बरोब्बर दहाले रजिस्ट्री ऑफिसच्या दारात. धुतलेलं धोतर, खिशात पैसे, हातात सोनं. ऑफिसले कुलूप. चपराशी म्हणे, आज छुट्टी है. सरकारले मुहूर्ताची काहीच कदर नाही.

१६ ऑक्टोबर. दुपारी १२.२०
दुलीचंदच्या घरी गेलतो. सोनं देल्लं, त्यानं घेतलं, पाया पडला. अन् म्हणे, आता जमीन देत नाही. जवयाच्या गावात, लांजीकडे, त्यानं दुसरी जमीन पाह्यून ठेवली होती, माह्या पैशाच्या भरवशावर. ते गेली. मी कायदा सांगतला, पितर सांगतले. त्यानं ऐकलं सगळं, मंग एवढंच म्हणे, "बाबू, मी आलतो."
आलता तर काय मोठा तीर मारला? उद्यापासून कायदा वाचतो.

१२ फेब्रुवारी १९६८. ४.१५
दावा दाखल. चैतरामजी वकिलानं सांगतलं, आपण रजिस्ट्रीसाठी सदा तयार अन् राजी होतो हे साबित करा लागते. इचारलं, पंचवीस तारखेले कुठं होते? मी म्हणलो, मनानं तिथंच होतो. त्यानं लिहिलं, "वादी खेमराज हजर होता." वकील बरा दिसते. दिवाळीपर्यंत निकाल.

९ जुलै १९६९. ५.५०
आजही पुढचीच तारीख भेटली. दिवाळी एक गेली, दुसरी येऊन राह्यली. जजसाहेबाले कमी ऐकू येते वाटते, माह्याकडे पाहतच नाही. चैतरामजी उभ्याउभ्या डुलक्या घेते, त्याच्यापेक्षा आमची म्हैस बरी, ते बसून तरी झोपते. धान यंदाही वाळणार.
अनुसया म्हणे, तुम्ही त्या दिवशी घरीच होते ना? मी तिले समजावलं का कोर्टातलं हजर अन् घरातलं हजर वेगळं असते. तिनं ताट वाढलं.

३ मार्च १९७०. सकाळी ६.३०
उद्या माही गवाही. काल अचानक सुचलं: ही वही! टाइम टाकून लिहिलेला पुरावा अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे आहे? उद्या थेट साहेबाच्या हाती देतो. वकिलाले सांगत नाही, त्याले जरा चकित करतो. जुनी पानं वाचाची गरज नाही. लिहिलं मीच ना. तसंही दहाच्या ठोक्याले त्या ऑफिसच्या दारात उभा होतो हे मले चांगलं आठवते.

४ मार्च. संध्याकाळी ५.३५
(हजेरीच्या कोऱ्या तक्त्यावर लिहून राह्यलो. वही कोर्टात जमा.)
सामनेवाला वकील गोंदियाकडचा. मराठी खडाखड वाचते. पंचवीस सप्टेंबर काढलं अन् साहेबाले हिंदीत करून सांगू लागला. "वडे ग्यारह, कढी, खीर दो बार." साहेबानं पहिल्यांदा माह्याकडे पाह्यलं. म्हणे, "ग्यारह?" मी म्हणलो, लहान होते साहेब.
मंग त्यानं पुढचीही पानं वाचली. साहेबाच्या कानाचं वाचलं. साहेबाले चांगलं ऐकू येते. म्हशीचंही वाचलं. चैतरामजीनं टोपी काढली, पुसली, परत घातली. भायेर आल्यावर म्हणे, माही फीस राहू द्या, पण उद्यापासून वही आणू नका. वही आहेच कुठं आता?

५ मार्च. ४.५०
दुलीचंदची गवाही. पंचवीस तारखेले दहा ते पाच ऑफिसच्या पायरीवर बसला होता म्हणे. चपराशीनंही हौ म्हणलं. माह्या वकिलानं मोठ्या जोरात इचारलं, पितरात कोणी रजिस्ट्रीले येते का? दुलीचंद म्हणे, "त्याच दिवशी माह्या बापाची तिथी होती साहेब. पिंडाले लहान भावाले बसवलं. बाबूले जबान देल्ली होती, तारीख त्यानंच टाकली होती."
कोर्टात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२० एप्रिल. ५.१५
दावा खारीज. बयाना वापस भेटणार, जमीन नाही. अपील करीन, असं येताना चारचौघात बोललो. घरी अनुसयाले सांगतलं. तिनं इचारलं, "त्याच्या बापाच्या तिथीचं तुम्हाले माहीत होतं?" नव्हतं माहीत. इचारलंच नव्हतं कधी.
समोर कोरा हजेरीचा तक्ता होता. चवदा वर्षांची सवय, हात आपोआप चालला.
२५ सप्टेंबर १९६७. दुलीचंद: हजर, १० ते ५. खेमराज: गैरहजर.
कारणाच्या रकान्यात 'पितर' लिहिलं. मंग खोडलं.